प्रोस्टेट की मूत्राशय? पहिल्या तपासणीपासून ट्रायलच्या संमतिपत्रापर्यंत, बडोद्यातल्या घरांसाठी

लघवीत एकदाच लाल रंग दिसला, दुखलं-खुपलं काही नाही, दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा स्वच्छ. घरात साठी-सत्तरीतले वडील असतील तर याचा अर्थ लगेच लावला जातो: प्रोस्टेट वाढली असेल, या वयात व्हायचंच. कधीकधी ते खरंही असतं. पण मूत्राशयाच्या कॅन्सरचं बहुतेकदा पहिलं लक्षणही हेच, न दुखता आलेलं रक्त. ते आपोआप थांबतं आणि कितीतरी आठवडे परत दिसत नाही. तेवढ्यात माणूस विसरून जातो आणि गाठ वाढत राहते.

मी बडोद्यात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या औषधचाचण्यांची, समन्वयक म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही. रुग्णाला संमतिपत्र वाचून दाखवणं, त्याच्या तारखा सांभाळणं, त्रास झाला तर तो नोंदवून घेणं हे माझं काम. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या मराठी घरांतून येणारे प्रश्न बरेचसे सारखे असतात, म्हणून ते इथे क्रमाने घेते आहे. कुठली गोळी घ्यायची, कुठलं ऑपरेशन करायचं हे तुमचे युरोलॉजिस्टच ठरवतील. त्यांच्यासमोर बसताना तुमच्या हातात काय असावं, एवढंच मी सांगू शकते.

पायरी पहिली: रक्त दिसलं, आता काय?

एकदाच दिसलं तरी युरोलॉजिस्टकडे जायचं. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, किडनी व मूत्राशयाची सोनोग्राफी, गरज वाटल्यास सीटी स्कॅन, आणि मूत्राशयात दुर्बीण घालून पाहणं म्हणजे सिस्टोस्कोपी, असा साधारण क्रम असतो. सिस्टोस्कोपीचं नाव काढलं की घरचे मागे सरतात, 'सोनोग्राफी नॉर्मल आहे ना, मग कशाला?' असं म्हणतात. सोनोग्राफीत लहान गाठी सुटू शकतात, आणि अस्तरावर सपाट पसरणारा प्रकार, ज्याला कार्सिनोमा इन सिटू म्हणतात, तो तर बहुधा दिसतच नाही. पीएसए ही रक्ताची तपासणी प्रोस्टेटसाठी आहे. मूत्राशयाबद्दल ती काहीच सांगत नाही. पीएसए ठीक आला म्हणून रक्त कुठून आलं हा प्रश्न सुटत नाही.

हृदयाच्या त्रासासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर रक्त त्यामुळेच आलं, असं गृहीत धरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे आत लपलेली गाठ उलट लवकर उघडी पडते. इन्फेक्शन निघालं तर त्याचा उपचार जरूर करा, पण संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्या. आणि हे आई, मावशी, आत्या यांच्याबद्दल आवर्जून सांगते: बायकांना हा कॅन्सर कमी होतो, पण झाला की बरेचदा उशिरा कळतो, कारण दर वेळी 'युरिन इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिकवर भागवलं जातं.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगायच्या. एक, बिडी-सिगारेट: कधी सुरू केली, किती वर्षं ओढली, सोडली असेल तर कधी. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण धूम्रपान आहे. साधारण निम्म्या रुग्णांत त्याचा हात असतो. दुसरी गोष्ट आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाची. जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने १८९५ साली फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दिसतात हे मांडलं. पुढे बेन्झिडिन, बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारखी अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स दोषी ठरली. नंदेसरी, अंकलेश्वर, वटवा इथल्या रंग आणि रंगांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यांत ज्यांनी नोकरी केली, त्यांनी निवृत्तीला कितीही वर्षं झाली असली तरी ते सांगावं. संपर्क आणि आजार यांत कधीकधी दोन-तीन दशकं जातात.

पायरी दुसरी: त्रास कागदावर मांडा

रक्त नाही, पण धार बारीक, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, अशी तक्रार असेल तर डॉक्टरकडे जाण्याआधी घरीच दोन कागद तयार करा.

पहिला आयपीएसएस नावाचा प्रश्नतक्ता. प्रोस्टेटवरचे बहुतेक मोठे अभ्यास याच तक्त्यावर किंवा त्याच्याच जुन्या रूपावर बेतलेले आहेत, म्हणून तो ओळखीचा असावा. गेल्या महिन्याबद्दल सात प्रश्न: लघवी पूर्ण झाली नाही असं वाटणं, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागणं, धार थांबत-थांबत येणं, घाई आवरता न येणं, धार कमजोर असणं, जोर लावावा लागणं, रात्री उठावं लागणं. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. आठवा प्रश्न वेगळा मोजतात: आयुष्यभर हे असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? माझ्या मते ऑपरेशनच्या निर्णयात हाच प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, आणि घाईत तोच गाळला जातो. वीस गुण असूनही मजेत असलेले आजोबा असतात, आणि दहा गुणांतच ज्यांचं देवळात जाणं, भजनाला बसणं बंद झालंय असेही असतात.

दुसरा कागद तीन दिवसांची लघवीची वही. मापाचा प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवायचा. किती वाजता, किती मिली, आणि चहा-पाणी कधी प्यायलं ते लिहायचं. झोपल्यापासूनची सगळी लघवी, सकाळी उठल्याबरोबरची धरून, चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या एक-तृतीयांशाहून जास्त भरली, तर रात्री उठण्याचं कारण केवळ प्रोस्टेट नाही. पायांवरची सूज, हृदय, साखर, झोपेत श्वास अडणं, संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवीची गोळी, असं काहीतरी शोधावं लागतं. हे न पाहता प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तर धार सुधारते आणि माणूस रात्री तितकाच उठत राहतो.

दवाखान्यात युरोफ्लोमेट्री होते, म्हणजे यंत्रात लघवी करून धारेचा वेग मोजतात. सेकंदाला १० मिलीपेक्षा कमी वेग अडथळ्याकडे बोट दाखवतो, पण तपासणीवेळी निदान १५० मिली लघवी व्हायला हवी, नाहीतर आकडा भरवशाचा नाही. मग सोनोग्राफीवर लघवीनंतर आत किती उरली ते बघतात.

तक्ता त्रास मोजतो, कारण सांगत नाही. कार्सिनोमा इन सिटूमध्येही घाई, जळजळ, वारंवार जाणं हेच होतं. महिनोन् महिने गोळी घेऊन जळजळ हटत नसेल आणि लघवीच्या तपासणीत लाल पेशी दिसत असतील, तर सिस्टोस्कोपीबद्दल तुम्हीच विचारा.

पायरी तिसरी: गोळ्यांवरचं संशोधन कसं वाचायचं

प्रोस्टेटच्या त्रासात बिनऔषधाची गोळी दिली तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं, आणि हे जवळजवळ प्रत्येक चाचणीत दिसलेलं आहे. म्हणूनच 'आमच्या काढ्याने शंभर जणांना फरक पडला' या वाक्याला किंमत शून्य. खोट्या गोळीच्या तुलनेत किती फरक पडला, एवढंच विचारायचं. सॉ पाल्मेटो या वनस्पतीचं उदाहरण घ्या. जगभर ती खपते. २००६ च्या एका अमेरिकी चाचणीत २२५ पुरुषांना वर्षभर ती किंवा प्लासिबो, म्हणजे बिनऔषधाची गोळी, दिली, फरक नाही. २०११ च्या दुसऱ्या चाचणीत डोस तिप्पट करून पाहिला, तरीही नाही.

खऱ्या गोळ्यांचे मुख्य दोन गट. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या अल्फा ब्लॉकर गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत कळतो, प्रोस्टेटची ग्रंथी मात्र लहान होत नाही. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, त्यांना सहा महिने तरी द्यावे लागतात, आणि ग्रंथी मोठी असेल तरच त्यांचा खरा उपयोग. दोन्ही एकत्र द्यावीत का, हे एमटॉप्स या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तपासलं. ३०४७ पुरुष, सरासरी साडेचार वर्षं. एकत्र औषधांनी आजार वाढण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला.

आता या ६६ टक्क्यांपाशी जरा थांबा, कारण जाहिरातीत असाच आकडा येतो. प्लासिबो घेणाऱ्यांत दर वर्षी १०० पैकी साधारण साडेचार जणांचा आजार वाढत होता. दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांत दीड जणाचा. ६६ टक्के खरं आहे, आणि 'वर्षाला शंभरात तिघांचा फायदा' हेही तितकंच खरं. ग्रंथी मोठी, पीएसए चढा, एकदा लघवी अडकून गेलेली, अशा माणसाचा स्वतःचा धोका जास्त, म्हणून त्याचा फायदाही जास्त. लहान ग्रंथीच्या पंचावन्न वर्षांच्या माणसाने ग्रंथी आकसवणारी दुसरी गोळी वर्षानुवर्षं घेण्याआधी विचार करावा. लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरतेत अडचण हे फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइड गटाचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत, आणि ते डॉक्टरांना सांगायला पुरुष लाजतात.

फ्रिजवर चिकटवून ठेवावं असं थोडं. फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए निम्म्यावर येतो. रिपोर्टमधला २ हा आकडा ४ समजून वाचायचा, आणि गोळी चालू असूनही पीएसए चढू लागला तर लगेच दाखवायचं. टॅमसुलोसिन घेत असाल, पूर्वी घेतली असेल, तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं, कारण ऑपरेशनमध्ये बुबुळ सैल पडतं. हे २००५ साली लक्षात आलं आणि सर्जनला आधी माहीत असेल तर ते तयारी ठेवतात. टाडालाफिल (ताठरतेची गोळी, प्रोस्टेटच्या त्रासातही देतात) सुरू केली असेल तर हृदयासाठीची नायट्रेटची गोळी किंवा जिभेखालची गोळी तिच्याबरोबर चालत नाही. आणि सर्दीच्या काही गोळ्या-सिरपांत नाक मोकळं करणारं औषध असतं, त्याने लघवी अचानक पूर्ण तुंबू शकते. तुंबली तर थांबायचं नाही, रात्र असली तरी इमर्जन्सीत जाऊन नळी घालून घ्यायची.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. वारंवार लघवी तुंबणं, किडनीवर ताण, मूत्राशयात खडे, पुन्हा-पुन्हा इन्फेक्शन किंवा रक्तस्राव, यांत ऑपरेशन टाळून चालत नाही. दुर्बिणीतून ग्रंथी खरवडण्याची टीयूआरपी ही जुनी, कसोटीला उतरलेली पद्धत. मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेझरची होलेप उत्तम, पण ती करणाऱ्याचा हात बसलेला हवा. 'लेझर' शब्दाला भुलून जास्त पैसे मोजू नका. ब्रिटनमध्ये ४१० पुरुषांवर थुलियम लेझर आणि टीयूआरपी यांची तुलना झाली, २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये ती छापून आली. त्रासातली सुधारणा दोन्हींत सारखी निघाली आणि धारेचा वेग टीयूआरपीनंतर थोडा जास्तच. दोन्ही पद्धतींनंतर वीर्य उलट मूत्राशयात जाणं सामान्य आहे, हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. बडोदेकरांचं एक सुदैव की मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल नडियादला आहे, इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर. दुसरं मत घ्यायला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

पायरी चौथी: मूत्राशयात गाठ निघाली तर बायोप्सीचा रिपोर्ट स्वतः वाचा

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढण्याला टीयूआरबीटी म्हणतात. ते उपचारही आहे आणि तपासणीही. रिपोर्ट आला की तीन गोष्टी शोधा. ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात: लो की हाय. खोली: टीए म्हणजे अस्तरापुरती, टी-१ म्हणजे अस्तराखालच्या थरात, टी-२ म्हणजे स्नायूत शिरलेली, शिवाय कार्सिनोमा इन सिटू लिहिलंय का. आणि तिसरी, जी कोणी विचारत नाही: पाठवलेल्या तुकड्यात डेट्रुसर स्नायू होता का? स्नायूच नसेल तर कॅन्सर स्नायूत गेला नाही असं म्हणण्याला आधार नाही. टी-१ असेल, किंवा स्नायू आलेला नसेल, तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा खरवडून पाहतात. 'एकदा झालं ना ऑपरेशन, परत कशाला?' म्हणून हे टाळणारे लोक मी पाहिलेत. टाळू नका, पुढचा सगळा रस्ता या दुसऱ्या रिपोर्टवर ठरतो.

निदानाच्या वेळी चारपैकी साधारण तिघांची गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नसते. पण ती पुन्हा-पुन्हा उगवते, हा या आजाराचा स्वभाव. म्हणून कमी धोक्याच्या गाठीत ऑपरेशननंतर लगेच, २४ तासांच्या आत, मूत्राशयात केमोथेरपीचं औषध एकदा सोडतात. २०१८ साली जेमसिटाबिनवर छापलेल्या अमेरिकी चाचणीत ४०६ रुग्ण होते. चार वर्षांत गाठ परत येण्याचं प्रमाण सलाइन सोडलेल्यांत ४७ टक्के होतं, औषध सोडलेल्यांत ३५ टक्के. औषध स्वस्त, वेळ तासाभराचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारा, 'गाठ काढल्यावर ते एक इन्स्टिलेशन देणार का?'

पायरी पाचवी: बीसीजी, आणि मध्येच सोडू नका

हाय ग्रेड, टी-१ किंवा कार्सिनोमा इन सिटू असेल तर बीसीजी येतं. हो, तीच, बाळाच्या दंडावर देतात ती क्षयाची लस. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली फक्त नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला: दुर्बळ केलेले जंतू नळीने मूत्राशयात सोडले की शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते आणि कॅन्सरच्या पेशींनाही मारते. पन्नास वर्षं होत आली, हाय रिस्क गाठींसाठी आजही पहिला उपचार हाच. कॅन्सरसाठीचं बीसीजी पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनतं. जगभर त्याचा तुटवडा अधूनमधून होतो, म्हणून पहिला डोस घेण्याआधीच पुढच्या सहा आठवड्यांचा साठा आहे का ते विचारा.

सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस. तिथेच बरेच जण थांबतात. २००० साली डोनाल्ड लॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यानंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात, मग दर सहा महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत, दर वेळी तीन-तीन डोस दिले, तर गाठ परत न येता जाणारा काळ मध्यकाने (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ३५.७ महिन्यांवरून ७६.८ महिन्यांवर जातो. सगळे मिळून २७ डोस. त्या अभ्यासातसुद्धा सगळे ठरलेले डोस पुरे करणारे फक्त १६ टक्के होते, यावरून ते किती जड जातं ते समजा. पुढच्या एका युरोपीय अभ्यासातून असं दिसलं की मध्यम धोक्याच्या गाठींना एक वर्ष पुरतं. तीन वर्षांचा फायदा हाय रिस्कवाल्यांना. तुमचं कोणत्या गटात बसतं ते विचारून वहीत लिहून ठेवा.

डोसच्या दिवसाची तयारी घरच्यांनाच करावी लागते. आधीचे चार तास पाणी-चहा कमी, म्हणजे औषध आत पातळ होत नाही. लघवी लाल असेल, ताप असेल, इन्फेक्शन असेल, किंवा नळी घालताना रक्त आलं, तर त्या दिवशी डोस घ्यायचा नाही. जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. औषध आत दोन तास धरायचं. नंतर सहा तास घरी संडासात बसूनच लघवी करायची, आणि दर वेळी साधारण लघवीइतकंच ब्लीच ओतून पंधरा मिनिटं ठेवून मग फ्लश करायचं. दोन दिवस जळजळ, थोडी कणकण, हे अपेक्षित. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप जाऊन एक-दोन दिवस उतरला नाही, किंवा थंडी वाजून ताप आला, तर 'लसीचा ताप' म्हणून घरी बसायचं नाही; बीसीजीचं इन्फेक्शन शरीरात पसरलं तर क्षयाची औषधं द्यावी लागतात. त्या वेळी फॅमिली डॉक्टरकडे गेलात तर 'मूत्राशयात बीसीजी चालू आहे' हे पहिलं वाक्य. पूर्वी क्षय झालेला असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा किडनी बदललेली असेल, तर हे उपचार ठरण्याआधीच सांगायचं.

बीसीजी देऊनही हाय ग्रेड गाठ परत आली तर मूत्राशय काढणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग राहतो. ते नको असलेल्यांसाठी संशोधनाचा सध्याचा जोर इथेच आहे: पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ९६ रुग्णांपैकी ४१ टक्क्यांत कार्सिनोमा इन सिटू नाहीसा झाला होता, पण हा परिणाम सगळ्यांत टिकला नाही. त्यानंतर थेट मूत्राशयात सोडायची जनुकीय औषधंही आली.

पायरी सहावी: स्नायूत गेलेला कॅन्सर

इथे वेळ कमी असतो, म्हणून प्रश्न मोजके विचारा. पहिला: ऑपरेशनआधी केमो का नाही? २००३ सालच्या अमेरिकी अभ्यासात आधी केमो घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य ७७ महिने होतं, थेट ऑपरेशन झालेल्यांचं ४६. या केमोतलं मुख्य औषध सिस्प्लॅटिन पेलायला किडनी चांगली लागते, म्हणून 'देता येत नाही' हे उत्तर योग्यही असू शकतं, पण ते कारणासकट मिळायला हवं. २०२४ मध्ये नायगारा चाचणीत १०६३ रुग्णांमध्ये सिस्प्लॅटिनच्या केमोला आणि ऑपरेशनला ड्युर्व्हालुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिली; दोन वर्षांनी ८२.२ टक्के जिवंत होते, नुसत्या केमोवाल्या गटात ७५.२. दुसरा प्रश्न: मूत्राशय वाचवता येईल का? ब्रिटनच्या ३६० रुग्णांच्या अभ्यासात रेडिएशनला सौम्य केमो जोडल्यावर दोन वर्षं त्या भागात आजार न परतलेले ६७ टक्के होते, नुसत्या रेडिएशनने ५४. प्रत्येकाला हे लागू पडत नाही, पण सर्जनबरोबर रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटून मगच ठरवा.

आजार पसरलेला असेल तर चित्र अलीकडेच बदललं. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन (कॅन्सरच्या पेशींपर्यंत औषध नेऊन सोडणारं) आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीवर ८८६ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये छापला गेला: मध्यक आयुष्य ३१.५ महिने, केमोवर १६.१. या क्षेत्रात इतकी मोठी उडी क्वचित दिसते. खर्च मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा, आणि तिथूनच अनेकांचा ट्रायलचा विचार सुरू होतो.

पायरी सातवी: ट्रायलमध्ये जायचं का?

सगळ्यात आधी नोंदणी पाहा. भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. ऑनलाइन कोणीही मोफत पाहू शकतं: कोण पैसे देतंय, कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे, कोणाला घेतात, तुलना कशाशी. नंबर सीटीआरआय, वर्ष, महिना असा सुरू होतो. 'नंबर अजून आला नाही, नंतर देतो' असं उत्तर मिळालं तर सही करू नका. शोधताना फक्त बडोदा टाकू नका. अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, नडियाद, मुंबईचं टाटा मेमोरियल हेही बघा.

मग संमतिपत्र. रुग्णाला समजेल अशा भाषेत ते मिळालंच पाहिजे. आपल्याकडे गुजराती, हिंदी, इंग्रजी प्रती तयार असतात आणि मराठी आजोबांच्या हाती गुजराती प्रत दिली जाते, कारण ते गुजराती फाडफाड बोलतात. भाजी घेताना बोलणं वेगळं आणि 'यादृच्छिक गट', 'विपरीत परिणाम' असली पंधरा-वीस पानं वाचणं वेगळं. मराठी प्रत मागा. तीच ट्रायल मुंबई-पुण्यात चालू असेल तर नीतिमत्ता समितीने (ट्रायल रुग्णांसाठी योग्य आहे का ते पाहणारी समिती) मंजूर केलेली मराठी प्रत बहुधा आधीच असते; समन्वयकाला ती मागवून घेता येते, फक्त कोणीतरी मागावी लागते.

आणि आता त्या गोष्टीबद्दल जी मला कामात सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. मुलगा बाहेर येऊन हळूच सांगतो, 'ताई, बाबांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही, मीच सही करतो.' हे चालत नाही. शुद्धीत असलेल्या, समज असलेल्या माणसाच्या शरीरावरच्या प्रयोगाला संमती तोच देऊ शकतो. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवतात, तरीही अंगठा त्यांचाच. बाबांना सांगायचं धैर्य होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते सांगतील, तुम्ही शेजारी बसा. मी पाहिलंय ते असं, की बहुतेक बाबांना आधीच अंदाज असतो आणि ते मुलासाठी गप्प बसलेले असतात.

कागद घरी न्या. दोन-चार दिवस घ्या, घरातल्या एखाद्या शंकेखोर माणसाला वाचायला द्या. मग परत जाऊन विचारा: ट्रायलमध्ये गेलो नाही तर मला आज कुठला उपचार मिळेल, आणि ट्रायलमधल्या दुसऱ्या गटाला तोच मिळणार का? गट चिठ्ठी टाकल्यासारखा संगणक ठरवतो, डॉक्टरांच्या हातात नसतो, हे पक्कं समजून घ्या. प्लासिबो असेल तर तो नेहमीच्या उपचाराला जोडून आहे की त्याच्या ऐवजी? कॅन्सरमध्ये 'ऐवजी' असं उत्तर आलं तर खोदून विचारा. फेज कोणती? पहिल्या फेजमध्ये मुख्यतः डोस आणि सुरक्षितता पाहतात, तिसऱ्यात चालू उपचाराशी तुलना होते. किती सिस्टोस्कोपी, किती स्कॅन, किती फेऱ्या जास्तीच्या? प्रवासखर्च कोण देणार? ट्रायलचं औषध फायद्याचं ठरलं तर अभ्यास संपल्यावर मिळत राहील का?

पैशांबाबत नियम साधा आहे: निव्वळ संशोधनासाठी होणाऱ्या जास्तीच्या तपासण्यांचा बोजा रुग्णावर टाकत नाहीत. नेहमीच्या उपचाराचा खर्च वेगळा. त्यासाठी आयुष्मान कार्ड काढून ठेवा. गुजरातमध्ये २०२३ पासून पीएमजेएवाय-मा योजनेचं संरक्षण कुटुंबाला १० लाखांपर्यंत आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. हे कार्ड ट्रायलच्या चर्चेआधी काढा. हातात दुसरा रस्ता असला की संमती पैशाच्या दबावाखाली दिली जात नाही.

२०१९ चे नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम तुमच्या बाजूचे आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू ट्रायलमुळे ठरला तर भरपाई. गंभीर घटना डॉक्टरांनी २४ तासांत कळवायची असते. कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार अडवता येत नाही. बाहेर पडताना फोन मात्र करा. औषध एकदम थांबवणं चालेल का आणि शेवटची तपासणी कधी, हे तुमच्याच सुरक्षेसाठी कळायला हवं.

सही झाली की सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत तुमची. ती न घेता उठू नका. त्यावर दोन फोन नंबर असतात, एक अभ्यासाच्या डॉक्टरांचा, दुसरा नीतिमत्ता समितीचा. दुसरा नंबर तक्रारीसाठीच असतो, तो वापरायला संकोच करू नका. दोन्ही मोबाइलमध्ये घाला, घरातल्या आणखी एकाच्याही. ट्रायलचं कार्ड पाकिटात ठेवा, आणि दाढ काढायची असो की रात्री सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जावं लागो, समोरच्या डॉक्टरांना ते आधी दाखवा. आयुर्वेदिक चूर्ण, काढा, नवी गोळी, काहीही सुरू केलं तर पुढच्या भेटीत नाही, त्याच दिवशी समन्वयकाला कळवा.